आठ तास बारा मिनिटं नेमकी कुठे गेली?

पत्राचा सारांश: साताऱ्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. वय ४४, बँकेत अधिकारी, मुलगा यंदा दहावीला. मागच्या हंगामात त्यांनी गोव्यात हाफ आयर्नमॅन अंतराची ट्रायथलॉन पहिल्यांदाच केली. समुद्रात १.९ किमी पोहणं, मग ९० किमी सायकल, मग २१.१ किमी धावणं. साडेआठ तासांच्या मर्यादेत त्या ८ तास १२ मिनिटांत पोहोचल्या. पोहायला ५८ मिनिटं, सायकलला ३ तास ५८ मिनिटं, धावायला २ तास ५९ मिनिटं आणि दोन्ही ट्रान्झिशनना (एका प्रकारातून दुसऱ्याकडे जाताना कपडे-बूट बदलायचे थांबे) मिळून १७ मिनिटं लागली. धावण्यातले शेवटचे १२ किमी त्या जवळजवळ चालतच गेल्या. एरवी त्यांची हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांत होते. ग्रुपमधली मैत्रीण ६ तास ५० मिनिटांत आली होती. 'कुणी वेळ विचारली की सांगायची लाज वाटते,' असं त्या लिहितात. यंदा साडेसात तासांच्या आत यायचंय. त्यासाठी तीन लाखांची कार्बन सायकल घ्यावी का, आठवड्याचा सराव ११ तासांवरून १५ तासांवर न्यावा का आणि धावणं वाढवावं का, हे त्यांचे प्रश्न. घरून यजमानांचं म्हणणं, 'एकदा केलंस, मेडल आणलंस, आता पुरे की.' पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय, 'मी हट्टीपणा करतेय का?'

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नाही, हा हट्टीपणा नाही. पहिल्यांदा पूर्ण करणं आणि दुसऱ्यांदा नीट करणं या दोन वेगळ्या इच्छा आहेत आणि दुसरी इच्छा पहिलीइतकीच रास्त आहे. पहिल्या वेळी आपण फक्त 'जमेल का?' एवढंच विचारत असतो. ते जमतं हे कळलं की मग त्या अंतराची खरी ओळख करून घ्यावीशी वाटते. तुम्हाला तसं वाटतंय, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

लाजेचं मात्र मला पटत नाही. तुमच्या पत्रात मैत्रिणीच्या ६:५० चा उल्लेख चार ठिकाणी आहे आणि तुमच्या स्वतःच्या पोहण्याबद्दल एकच ओळ आहे. ज्या बाईने तीन वर्षांपूर्वी तरण तलावात पहिल्यांदा पाय ठेवला (हे तुम्हीच लिहिलंय), ती खुल्या समुद्रात ५८ मिनिटांत १.९ किमी पोहून बाहेर येते. पोहण्याची मर्यादा ७० मिनिटांची होती, म्हणजे हाताशी १२ मिनिटं राखून. मैत्रीण शाळेपासून पोहतेय, तिचं वय ३२ आहे. तिचं घड्याळ तुमच्या कामाचं नाही. तुमच्या कामाचं आहे ते तुमच्याच घड्याळातले तुकडे, आणि ते तुम्ही इतके तपशीलवार पाठवलेत की त्यावर बोलायला मजा येणार आहे.

तुम्ही गृहीत धरलंय की वेळ धावण्यात गेली. कागदावर तसंच दिसतं. सव्वादोन तासांची हाफ मॅरेथॉन तीन तासांची झाली, तेव्हा पाय कमी पडले असतील, म्हणून धावणं वाढवायला हवं. पण तुम्ही सायकलचेही दोन भाग पाठवलेत. पहिले ४५ किमी १ तास ४८ मिनिटांत, दुसरे ४५ किमी २ तास १० मिनिटांत. पहिल्या भागात ताशी २५ किमी, दुसऱ्यात जेमतेम २१. तुम्हीच पुढे लिहिलंय, 'सुरुवातीला खूप छान वाटत होतं, मागून येणारे पुढे जात होते, म्हणून मीही जोर लावला.' आणि आणखी खाली: चार तासांत एक केळं, दोन जेल (पुडीतून मिळणारा साखरेचा घट्ट रस) आणि भरपूर साधं पाणी.

ताई, तुमचं धावणं सायकलच्या पहिल्या ४५ किलोमीटरमध्येच खर्च झालं होतं. २१ किलोमीटरच्या रस्त्यावर त्याचं फक्त बिल आलं.

हे कसं होतं ते नीट सांगते, कारण पहिल्यांदा ट्रायथलॉन करणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं. सपाट रस्त्यावर सायकलची मुख्य लढाई हवेशी असते आणि हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २३ वरून २५ वर गेलात तर वेग वाढला ९ टक्के, पण हवेपुरती ताकद लागली सुमारे २८ टक्के जास्त. ती ताकद येते स्नायूंत साठवलेल्या साखरेतून, म्हणजे ग्लायकोजेनमधून, आणि तो साठा मर्यादित असतो. जोर जितका जास्त, तितकं शरीर चरबी कमी आणि साखर जास्त जाळतं. पोहून आल्यावर ठोके आधीच चढलेले असतात, आजूबाजूला लोक असतात, उत्साह असतो. पाय भरून आल्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचायला तास-दीड तास लागतो. तोवर व्हायचं ते झालेलं असतं. तुम्ही सगळे ९० किमी ताशी सव्वातेवीसच्या आसपास एकसारखे चालवले असते, तर सायकलची एकूण वेळ ३ तास ५३ मिनिटांच्या आत आली असती. म्हणजे पाच मिनिटं आधीच पोहोचला असता आणि पायात धावायला जीवही राहिला असता.

म्हणून यंदा सायकलवरचे पहिले २० किमी मुद्दाम हळू. 'हे तर फारच सोपं जातंय' असं वाटलं पाहिजे. लोक पुढे जातील, जाऊ द्या. हृदयाच्या ठोक्यांचं घड्याळ असेल तर लांबच्या सरावात ज्या ठोक्यांवर तुम्ही तुटक का होईना पण पूर्ण वाक्य बोलू शकता, त्या आकड्याच्या वर पहिला तासभर जायचं नाही. चढावर खालचा गिअर टाका, उभं राहून रेटू नका. आणि एक लक्षात ठेवा, या अंतरात दुसऱ्याच्या मागे चिकटून हवेचा आडोसा घेता येत नाही, मागे १२ मीटर अंतर ठेवावं लागतं. त्यामुळे रविवारच्या ग्रुप राइडला तुमचा जो वेग पडतो, तो स्पर्धेचा वेग धरू नका. महिन्यातून दोन लांब राइड तरी एकटीने करा. सुरक्षेसाठी सोबत हवीच असेल तर जोडीदाराला पुरेसं अंतर ठेवून मागे यायला सांगा.

खाण्याकडे वळू. एक केळं आणि दोन जेल म्हणजे अंदाजे ७५ ग्रॅम कर्बोदकं, चार तासांत. तासाला वीससुद्धा नाहीत. इतक्या लांबीच्या स्पर्धेत तासाला ६० ग्रॅमच्या आसपास लागतात, सवय झालेले खेळाडू ९० पर्यंतही घेतात. वर तुम्ही भरपूर साधं पाणी प्यायलात. घामातून मीठ जात असताना नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. तुम्ही लिहिलेली मळमळ, बोटं सुजणं आणि डोकं जड होणं हे त्याकडेही बोट दाखवणारं असू शकतं. हे गंभीर होऊ शकतं, तेव्हा 'जितकं पाणी तितकं चांगलं' हे डोक्यातून काढा.

महागडी पावडर घ्यायलाच हवी असं नाही. एक लिटर पाण्यात वजन करून ६० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ आणि एका लिंबाचा रस. अंदाजाने चमचे टाकू नका, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. ओआरएसचं पाकीट मीठ भरून काढतं, पण त्यात लिटरमागे साखर साडेतेरा ग्रॅमच असते, म्हणून ते इंधन म्हणून पुरत नाही. सोबत खजूर, राजगिऱ्याची वडी, किंवा सोसत असेल तर जेल. शेंगदाण्याची चिक्की मला स्वतःला फार आवडते, पण शेंगदाण्यातलं तेल पचायला वेळ घेतं, ती स्पर्धेनंतर खा. सायकलवर दर वीस मिनिटांनी घड्याळाचा गजर लावा आणि भूक असो-नसो, तोंडात काहीतरी जाऊ द्या. पोटालाही सराव लागतो, म्हणून प्रत्येक लांब राइडला हाच आहार. स्पर्धेच्या दिवशी नवीन काहीही नाही. (ज्या वाचकांना मधुमेह आहे त्यांनी हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत, आधी डॉक्टरांशी बोला.)

पाणी किती प्यायचं हेही घरी काढता येतं. तासभराच्या सरावाआधी आणि नंतर घाम पुसून वजन करा. जितके ग्रॅम वजन घटलं आणि मध्ये जितके मिलिलिटर प्यायलात त्यांची बेरीज म्हणजे तुमचा तासाचा घाम. साताऱ्याच्या गार पहाटेचा आकडा आणि दुपारच्या उकाड्यातला आकडा पाहून तुम्ही चकित व्हाल.

कारण गोव्याची हवा. तुम्ही यवतेश्वरच्या घाटात पहाटे पाचला पळता, तिथे घाम येतो आणि उडून जातो. गोव्यात तो उडतच नाही, अंगावरून नुसता वाहतो, आणि उडाला नाही तर अंग थंड होत नाही. मग त्वचेला थंड ठेवायला रक्त तिकडे वळतं, पायांना कमी मिळतं, त्याच वेगाला ठोके चढत जातात. त्यावर उपाय आहे. शरीर दहा ते चौदा दिवसांत उकाड्याला बरंच सरावतं. घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. पावसाळ्यात तुम्ही सायकल ट्रेनरवर, म्हणजे घरात जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चालवता ना? स्पर्धेच्या आधीच्या तीन आठवड्यांत काही दिवस पंखा बंद करून, खिडक्या लावून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं हलकी चालवा. घरात कुणीतरी असताना करा. चक्कर आली, अंगावर काटा आला, बोलणं असंबद्ध झालं तर तिथेच थांबायचं, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. रजा मिळत असेल तर गोव्यात दोन-तीन दिवस आधी पोहोचा.

सायकलच्या तीन लाखांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, यंदा घेऊ नका. तुमच्या वेगाला हवा अडते ती सायकलपेक्षा जास्त तुमच्या अंगाला, आणि सायकल दोन किलोने हलकी झाली म्हणून सपाट रस्त्यावर फारसं काही बदलत नाही. आधी चांगल्या माणसाकडून बाइक फिट करून घ्या. सीटची उंची, हँडलचं अंतर, क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी). तुमची मान आणि कंबर ६० किमीनंतर दुखते असं लिहिलंय, म्हणजे तुम्ही तेव्हा उठून सरळ बसत असणार आणि वाऱ्याला छाती देत असणार. बरे टायर, स्वच्छ चेन, आणि जमलं तर हँडलला लावायचे एअरोबार (पुढे वाकून कोपर टेकायचे दांडे), तेही दोन-तीन महिने सराव करूनच. हा सगळा खर्च नव्या सायकलच्या तुलनेत अगदी थोडा आहे. पुढच्या वर्षीही हा खेळ इतकाच आवडत असेल तर सायकलचा विचार करू.

आता ती १७ मिनिटं. तुम्ही दोन्ही वेळा तंबूत जाऊन सगळे कपडे बदललेत, कारण ट्रायसूटमध्ये (तिन्ही प्रकारांत चालणारा अंगाला चिकटणारा पोशाख) सगळ्यांसमोर वावरायचा संकोच वाटला. हा संकोच मी हलक्यात घेत नाही. आपल्याकडे अनेक बायका त्यापायी या खेळाकडेच वळत नाहीत. पण पर्याय आहेत. बाह्या असलेला, मांडीपर्यंतचा ट्रायसूट मिळतो. त्यावर सायकलला निघताना पातळ टी-शर्ट आणि धावताना साधी रनिंग स्कर्ट चढवा, प्रत्येकी दहा सेकंदांचं काम आहे. गोव्याचं पाणी कोमट असतं, तिथे वेटसूटचा (थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाचा) प्रश्नच नाही, म्हणजे काढण्यातला वेळही नाही.

बाकीचा वेळ वाळूत जातो. ओल्या पायांना वाळू चिकटलेली, मोजा अर्ध्यावर अडकतो, ओढावा तर बोटं दुमडतात. त्यावर असं करा: पाण्याची एक छोटी बाटली पाय धुवायला ठेवा, त्याच्या खाली जुना टॉवेल पसरा, मोजे घरूनच टाचेपर्यंत गुंडाळून आत टाल्कम पावडर टाकून बुटात ठेवा. पाय धुतला, टॉवेलवर दाबला, मोज्यात बोटं घातली आणि टाचेकडे उलगडला. धावण्याच्या बुटांना इलॅस्टिकच्या नाड्या. आधी हेल्मेट आणि त्याचा बक्कल, मगच सायकलला हात. हा नियमच आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलाला घड्याळ धरायला सांगून हे सगळं पुन्हा पुन्हा करून बघा. दहावीच्या पोराला अभ्यासातून अशी सुट्टी आवडेल. १७ ची १० मिनिटं झाली तर एक थेंब घाम न वाढवता सात मिनिटं मिळाली.

पोहण्यात मी फार काही बदलणार नाही. दर आठ-दहा हातांनी एकदा डोळे पाण्याबाहेर काढून समोरचा बॉय (मार्ग दाखवणारा तरंगता गोळा) बघायची सवय मात्र लावा. तलावातल्या तळाच्या रेषेवर पोहणारे समुद्रात नागमोडी जातात आणि १.९ चे दोन किलोमीटर कधी होतात ते कळत नाही.

आणि सराव. ११ चे १५ तास करू नका, उलट ९ वर आणा. तुम्ही आठवड्यातून सहा दिवस ग्रुपबरोबर, म्हणजे दुसऱ्याच्या वेगाने, बऱ्यापैकी दमेपर्यंत सराव करता. पहाटे सव्वाचारला उठता आणि झोपायला साडेअकरा होतात. ही झोप पाच तासही भरत नाही. शरीर सुधारतं ते विश्रांतीत. लांब पल्ल्याचे बहुतेक कसलेले खेळाडू सरावाचा मोठा भाग अगदी सोप्या वेगाने करतात आणि थोडाच भाग खरोखर जोराचा. तुमचं सगळंच मधल्या पट्टीत चाललंय. आठवड्यात दोनच सत्रं कष्टाची ठेवा, एक सायकलचं आणि एक धावण्याचं. रविवारी लांब राइड, तीही सोपी, आणि एक रविवार सोडून राइडवरून उतरल्याबरोबर वीस मिनिटं धावणं. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात ना, त्याची सवय एवढ्यानेच होते. दोनदा अर्धा तास वजनांचा व्यायाम. चाळिशीनंतर बाईच्या स्नायूंना आणि हाडांना त्याची गरज आहे, ट्रायथलॉन असो वा नसो. एक दिवस पूर्ण सुट्टी. शेवटच्या दोन आठवड्यांत तास जवळपास निम्म्यावर आणा, पण थोडे जोराचे तुकडे राहू द्या.

त्याआधी एक काम याच आठवड्यात करा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी. तुम्ही लिहिलंय की मार्चपासून जिने चढतानाही धाप लागते आणि पाळी अनियमित झालीय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय (अ‍ॅनिमिया) आढळला होता. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिन मुद्दाम सांगतेय. रक्तात लोह नसेल तर कार्बनची सायकलही काही करू शकणार नाही. जिना चढताना लागणारी धाप नुसती थकव्याची समजून सोडू नका. डॉक्टरांना सांगा, ईसीजीही करून घ्या, आणि ते हिरवा कंदील देईपर्यंत जोराची सत्रं बंद ठेवा.

साडेसात तास होतील का? हिशेब मांडू. पोहणं ५६ मिनिटं, सायकल ३ तास ५०, धावणं २ तास ३८, ट्रान्झिशन १०. बेरीज ७ तास ३४. हे सगळं नीट जुळलं तर, आणि हवा-लाटा मागच्यासारख्याच असल्या तर. म्हणजे साडेसात चार मिनिटांनी हुकतात. तो आकडा अशक्य नाही, पण तो तुमच्या एकटीच्या हातात नाही. समुद्राचा प्रवाह उलटा असेल, दुपारी ढग नसतील, तर याच तयारीवर पावणेआठ होतील आणि तीही सुधारणाच असेल. म्हणून मी तुम्हाला दुसरा एक आकडा देते. मागच्या वेळी तुमचं धावणं तुमच्या एरवीच्या हाफ मॅरेथॉनपेक्षा ३३ टक्के हळू होतं. यंदा ते १७ टक्क्यांवर आलं, तर सायकल आणि खाणं तुम्ही बरोबर सांभाळलंत असं समजा, घड्याळ शेवटी काहीही दाखवो.

यजमानांचं 'पुरे की' मला वाईट हेतूचं वाटत नाही. तुम्हीच लिहिलंय की शेवटच्या दोन तासांत ते फिनिशजवळ उभे होते आणि तुमचा पत्ता नव्हता. त्या दोन तासांत त्यांच्यावर काय गुजरली हे तुम्ही त्यांना कधी विचारलंय का? कदाचित त्यांना तुमच्या वेळेची नाही, तुमच्या जिवाची काळजी असेल, शिवाय दहावीच्या वर्षात घराची घडी विस्कटण्याची. तपासणीचे कागद, ९ तासांचं वेळापत्रक, सायकल न घेण्याचा निर्णय, हे तिन्ही समोर ठेवून बोला. रविवार सकाळ तुमची, पण शनिवार संध्याकाळ आणि रविवार दुपारपासून पुढे घराचे. मुलाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतील, तोवर गोवा होऊन गेलेलं असेल. स्पर्धेनंतर परीक्षा संपेपर्यंत मोठं काही अंगावर घेणार नाही, हे आजच कबूल करा आणि पाळा. स्पर्धेच्या दिवशी तुमचं लाइव्ह ट्रॅकिंग त्यांच्या फोनवर लावून द्या आणि तुम्ही अंदाजे किती वाजता कुठे असाल हे कागदावर लिहून द्या. बाहेर उभं राहणाऱ्या माणसाला त्या कागदाचा फार आधार असतो.

नोंदणी करायची घाई नको. आधी तपासणी, मग घरातलं बोलणं, मग जवळपास कुठे ऑलिंपिक अंतराची (१.५ किमी, ४० किमी, १० किमी) स्पर्धा मिळते का बघा. कोल्हापुरात ट्रायथलॉन होतात, साताऱ्याहून ते सोयीचं आहे. तिथे फक्त तीनच गोष्टी करून पाहायच्या: सायकल हळू सुरू करणं, दर वीस मिनिटांनी खाणं आणि गुंडाळलेले मोजे. तिथले तुकडे मला पाठवा, सायकलचे दोन्ही भाग वेगळे लिहून. ते पाहून गोव्याचा आकडा आपण पुन्हा मांडू.